आईला घेऊन वशिष्ठच्या (मनालीजवळ) गरम कुंडांना जायचंय, कुणी जाऊन आलंय का?

सिंहगड_रोडकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आईचं वय ६८, दोन्ही गुडघे गेली चार वर्षं दुखतात, ऑपरेशन इतक्यात नको असं डॉक्टर म्हणतात. चालतेफिरते, आमचे दोन जिने कठडा धरून चढते. बाबा गेल्यापासून ती कुठेच बाहेर पडायला तयार नव्हती, अगदी आळंदीला सुद्धा नाही. आणि गेल्या आठवड्यात टीव्हीवर मनालीजवळचं वशिष्ठ गाव दाखवत होते, देवळाच्या आवारात गरम पाण्याची टाकी, वाफ निघतेय, बायका पाण्यात बसल्यात, ते बघून ती स्वतःहून म्हणाली, मला तिथं एकदा न्हायचंय. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलंय म्हणून मी लगेच हो म्हणून टाकलं आणि आता विचार करत बसलोय.

तिचं माहेर कोकणातल्या (रत्नागिरी जिल्हा) खेड तालुक्यातलं. लहानपणी तिची आजी तिला दर थंडीत उन्हवऱ्याला न्यायची, तिथलंही पाणी असंच जमिनीतून उकळतं येतं. त्यामुळे कढत पाण्याला ती घाबरणारी नाही, पण तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि आता बीपीची गोळी चालू आहे.

दसऱ्यानंतर जायचा विचार आहे. पुण्याहून कसं जावं, राहायचं मनालीत की वशिष्ठ गावातच, बायकांसाठी व्यवस्था कशी आहे, पायऱ्या किती, आणि मुख्य म्हणजे एवढा प्रवास करून न्यावं का, की सरळ गाडी काढून कोकणातच जावं? बायको आणि सातवीतली मुलगी बरोबर असतील.

पायवाट_पुणे

दादा, न्या. मी सासूबाईंना घेऊन ऑक्टोबरात १२ दिवस वशिष्ठमध्येच राहिले होते, त्या तेव्हा ७१ च्या होत्या, म्हणून जे पाहिलं ते सविस्तर लिहिते.

गाव मनालीपासून जेमतेम ३ किलोमीटर, बियास नदीच्या पलीकडच्या अंगाला डोंगरावर. मेन रोडवरून एक चढाचा अरुंद रस्ता वर जातो, रिक्षा आणि टॅक्सी वरपर्यंत जातात, तिथून देवळापर्यंत बाजाराच्या बोळातून थोडं चालायचं. राहायचं असेल तर गावातच राहा आणि कुंडापासून पाच मिनिटांच्या आत, तेही खोली तळमजल्यावर आहे का हे फोनवर तीनतीनदा विचारून. मी हे मुद्दाम लिहितेय कारण आम्हाला एका ठिकाणी तळमजला सांगून प्रत्यक्षात ३० पायऱ्या वरची खोली दिली आणि सासूबाईंचे पहिले दोन दिवस त्यातच गेले, मग जागा बदलली. मनालीत राहून रोज ये-जा करायची म्हणजे सकाळची वेळ हातची जाते, आणि सकाळ हीच खरी वेळ आहे.

देऊळ वसिष्ठ ऋषींचं. दगड आणि देवदारच्या लाकडाचं, लाकडावर सुंदर कोरीवकाम, शेजारी रामाचं देऊळही आहे. आवारात दोन टाकी, एक पुरुषांचं एक बायकांचं, मधे भिंत, वर आकाश उघडं. आम्ही गेलो तेव्हा पैसे वगैरे काही नव्हते. बायकांच्या बाजूला गावातल्या बायका आपापल्या पद्धतीनं न्हातात, कुणी परकर छातीशी बांधून तर कुणी तसंच, कुणी कुणाकडे बघत बसत नाही. आईंना संकोच वाटत असेल तर सुती गाऊन किंवा परकर घालून उतरायचं, कोरडे कपडे एका पिशवीत वर ठेवायचे. टाक्यात उतरायच्या दगडी पायऱ्या बुळबुळीत असतात, तिथं एकानं पुढं आणि एकानं मागं असायलाच हवं. तुमची मिसेस आणि मुलगी आहेत ते बरंच आहे, कारण तुम्हाला त्या बाजूला जाता येणार नाही.

टाक्यात साबण, शाम्पू, तेल काही चालत नाही. आधी बाहेर नळाखाली अंग धुवायचं, मग उतरायचं. हे नीट पाळा, कारण ते पाणी म्हणजे गावाचं रोजचं पाणी आहे. देवळाबाहेर गरम पाण्याचे नळ काढलेत, तिथं सकाळी बायका कपडे धुतात, भांडी घासतात, बर्फाच्या दिवसांत घरचे नळ गोठतात तेव्हा तर सगळं गाव या झऱ्यावर चालतं. आम्ही होतो तेव्हा बाहेरचे काही लोक टाक्यात उड्या मारत मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, एका म्हाताऱ्या आजोबांना बाजूला व्हावं लागलं, मला ते अजून आठवतं आणि राग येतो. देवाच्या दारचं न्हाणीघर आहे ते, स्विमिंग पूल नाही.

आता एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. पाण्याला गंधकाचा वास आहे, चांदी काढून जा. सासूबाईंची जोडवी पहिल्याच दिवशी काळीठिक्कर पडली आणि त्या बिचाऱ्या दिवसभर बेचैन, अपशकुन वगैरे मनात आलं त्यांच्या. अपशकुन नाही, गंधकानं चांदी काळवंडते एवढंच. घरी येऊन अ‍ॅल्युमिनिअम फॉइलवर ठेवून खायचा सोडा आणि गरम पाणी घातलं, पाच मिनिटांत उजळली.

आणि दसऱ्यानंतर म्हणताय म्हणून सांगते, आपला दसरा संपतो तेव्हा कुल्लूचा सुरू होतो. विजयादशमीपासून पुढे सात दिवस ढालपूर मैदानात मोठा उत्सव असतो, खोऱ्यातल्या गावागावांच्या देवतांच्या पालख्या येतात. बघण्यासारखं आहे पण त्या दिवसांत कुल्लूतून गाडी हलत नाही आणि खोल्यांचे भाव चढतात. आईंसाठी तो आठवडा टाळून पुढचा धरा, रात्री थंडी चांगलीच असेल, कानटोपी आणि लोकरीचे मोजे घ्या. तिथल्या बायका हातानं विणलेले मोजे विकतात, तेच घेतलेत तरी चालतील.

कर्वेनगर_फिजिओ

वरचं सगळं छान लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघ्यांचेच पेशंट जास्त येतात म्हणून त्यावर बोलतो.

गरम पाण्यात बसल्यावर स्नायू सैल पडतात, आखडलेपण कमी होतं, पाण्यात शरीराचं वजन कमी जाणवतं त्यामुळे गुडघा वाकवणं सोपं जातं. हा फायदा खरा आहे. पण सांध्यातली झिजलेली कूर्चा त्यानं परत येत नाही, चार दिवस बरं वाटेल, नंतर व्यायाम चालू ठेवला तरच ते टिकेल. कुणी तिथं सांगितलं की सात दिवस न्हायलं की सांधेदुखी जाते आणि आईंनी गोळ्या बंद केल्या, असं अजिबात होऊ देऊ नका.

बीपीची गोळी चालू आहे हे जास्त महत्त्वाचं. गरम पाण्यानं रक्तवाहिन्या पसरतात, बीपी खाली येतं, आणि माणूस झटकन उभा राहिला की डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडतो. अशा ठिकाणी दगडी पायरीवर पडणं म्हणजे खुबा मोडणं. म्हणून आधी फक्त पाय सोडून काठावर बसायचं, मग कमरेपर्यंत, पहिल्या दिवशी पाच मिनिटं, नंतर फार तर दहा. बाहेर येताना आधी पायरीवर मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. जेवल्याजेवल्या नको, उपाशीपोटी पण नको, आधी आणि नंतर पाणी प्यायचं. डोकं बुडवायचं नाही आणि नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही, कोमट-गरम नैसर्गिक पाण्यात एक अमीबा असू शकतो, क्वचित होतं पण नाकातून गेला तर जिवावर बेततं. मुलीला हे नक्की सांगा, मुलं डुबकी मारतातच.

आईंना शुगर आहे का? पायाला बधिरपणा, मुंग्या? असेल तर मला आधी सांगा.

सिंहगड_रोडकर

खूप आभार दोघांचे. शुगर बॉर्डरवर आहे, गोळी नाही, पण डावा तळवा बधिर वाटतो असं ती अधूनमधून म्हणते. हे मी कधी मनावर घेतलंच नव्हतं.

कर्वेनगर_फिजिओ

मग निघायच्या आधी डॉक्टरांकडून दोन्ही तळव्यांची तपासणी करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही, पेशंट मस्त वाटतंय म्हणत बसतो आणि उठल्यावर फोड दिसतात. डाव्या पायानं पाणी अजमावायचंच नाही. दुसऱ्या कुणीतरी कोपर घालून बघायचं, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतो तसं. तळव्याला भेग किंवा जखम असेल तर त्या दिवशी नाही उतरायचं.

खडक_माती

मी जिऑलॉजीवाला, त्यामुळे कुंडांचा विषय निघाला की राहवत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की गरम झरा म्हणजे खाली ज्वालामुखी. वशिष्ठच्या किंवा कुल्लूकडच्याच मणिकर्णच्या कुंडांखाली ज्वालामुखी नाही. वरचं पावसाचं आणि बर्फाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढतं, हिमालय अजून वर उचलला जातोय म्हणून तिथं ही वाढ आणखी जास्त, आणि ते तापलेलं पाणी मोठ्या भ्रंशांच्या, म्हणजे खडकातल्या खोल तड्यांच्या वाटेनं परत वर येतं. वाटेत खडकातलं गंधक वगैरे घेऊन येतं, तोच तुम्हाला येणारा वास आणि त्यानंच जोडवी काळी होतात.

कोकणातही तेच. आपल्याकडचा काळा पत्थर लाव्हाचाच पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालाय, त्याची ऊब आता उरलेली नाही. तरी पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत समुद्राला समांतर अशी गरम झऱ्यांची जवळजवळ रांगच आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळ सव, मग उन्हवरे, संगमेश्वरजवळ आरवली, तुरळ, राजवाडी, आणि खाली राजापूरचं उन्हाळे. ही रांग म्हणजे जमिनीतली खोल भेगच, पाणी तिथून वाट काढतं. नावंच बघा ना, उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे, तिकडे सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव, नांदेडकडे उनकेश्वर, सगळ्यांत आपलं ऊन आहे. ऊन पाणी, ऊन भात म्हणतो तेच ऊन. नकाशावर गावाच्या नावात ऊन दिसलं की मी गाडी थांबवतो, आणि बहुतेक वेळा झरा निघतो.

उन्हवऱ्याचं पाणी झऱ्याच्या तोंडाशी ७० अंशांच्या आसपास, म्हणजे तिथंही थेट हात घालायचा नाही, कुंडात येईपर्यंत निवतं. पुण्याहून ताम्हिणीतून माणगाव, महाड आणि पुढं खेड, कशेडीला आता घाटाऐवजी बोगद्यातून जाता येतं त्यामुळे आईंना ती वळणं लागणार नाहीत. माझं मत विचाराल तर दोन्ही करा. पण आधी वशिष्ठ, कारण त्यांनी ते मागितलंय.

आणि नदीची गोष्ट आईंना नक्की सांगा. महाभारताच्या आदिपर्वात आहे. मुलं मारली गेल्याच्या दुःखात वसिष्ठांनी स्वतःला दोरांनी बांधून नदीत झोकून दिलं, पण नदीनं ते पाश तोडले आणि त्यांना काठावर आणून सोडलं. पाश सोडवणारी म्हणून ती विपाशा, तीच आजची बियास. त्याच नदीच्या वरच्या अंगाला हे गाव आहे.

निगडी_ते_नग्गर

मी म्हणेन मणिकर्णला जाच. पार्वती नदीच्या काठी, कसोलच्या पुढं ४ किलोमीटर. तिथलं पाणी इतकं कढत की लोक तांदूळ, हरभरे फडक्याच्या पोटलीत बांधून कुंडात सोडतात आणि शिजवून घेतात, गुरुद्वाऱ्यातल्या लंगरचं अन्नही त्या पाण्यावर शिजतं. गुरू नानक आणि भाई मर्दाना यांची गोष्ट तिथं सांगतात. मुलीला खूप आवडेल.

पायवाट_पुणे

मणिकर्ण मुलीसाठी उत्तम पण आईंना एका दिवसात मनालीहून नेऊन आणणं मला नको वाटतं. रस्ता अरुंद, दरड पडली की तासन्‌तास अडकायला होतं. परतीच्या वाटेवर भुंतरहून तिकडे वळून एक रात्र मुक्काम असेल तरच न्या. आणि तिथं कठड्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, मुलीचा हात सोडायचा नाही, ते शिजवायचं पाणी आहे, न्हायची जागा वेगळी आहे.

खडक_माती

बरोबर. मणिकर्ण साधारण १७६० मीटरवर आहे, त्या उंचीला पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि तिथले काही झरे जवळपास तेवढेच तापलेले. सरकारनं पूर्वी त्या पाण्याच्या उष्णतेवर चालणारं ७.५ टनांचं शीतगृहही प्रयोग म्हणून उभारलं होतं. गरम पाण्यानं फळं थंड ठेवायची, मुलीला शाळेत सांगायला भारी गोष्ट आहे.

सिंहगड_रोडकर

प्रवासाचं अजून ठरत नाहीये. झेलम एक्स्प्रेसनं अंबाल्यापर्यंत जावं की विमानानं?

पायवाट_पुणे

झेलमनं जाण्यात दीड दिवस जातो आणि वर डोंगरातले ७-८ तास. आईंसाठी चंदीगडपर्यंत विमान, तिथं एक रात्र झोप, सकाळी उजेडात टॅक्सीनं वर. दिल्लीहून रात्रीची व्होल्वो तरुणांना ठीक, गुडघे रात्रभर दुमडून ठेवणं त्यांना झेपणार नाही. आणि रोहतांग करायचा मोह आवरा, जवळजवळ ४००० मीटर आहे. फारच वाटलं तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत जाऊन या, तेही शेवटच्या दिवशी.

सिंहगड_रोडकर

मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहितोय, माफ करा.

निघायच्या आधी तळवे तपासले. डाव्या पायाची संवेदना खरंच कमी झालीये, साखर जेवणानंतर वाढतेय, गोळी सुरू झाली. फिजिओ साहेब, तुम्ही तो एक प्रश्न विचारला नसता तर हे कळायला अजून किती दिवस गेले असते. मनापासून धन्यवाद.

वशिष्ठमध्ये सहा दिवस राहिलो, तळमजल्याची खोली मिळाली. रोज पहाटे साडेपाचला आई, बायको आणि मुलगी जायच्या. मुलगी कोपर घालून पाणी बघायची आणि घड्याळ लावून बसायची. पहिल्या दिवशी आई फक्त पाय सोडून बसली आणि परत येऊन काही बोललीच नाही, मला वाटलं आवडलं नाही की काय. दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत उतरली. बायको सांगत होती की तिथं गावातल्या एक आजी रोज त्याच वेळेला यायच्या, आईला मराठीशिवाय धड काही येत नाही आणि त्यांची पहाडी हिला कळत नाही, तरी दोघी गुडघ्यावर हात ठेवून बोलायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी आईच्या पाठीवर पाणी घातलं. त्या दिवशी आई खोलीवर येऊन खूप रडली, आणि मग बाबांबद्दल बोलत बसली, दोन वर्षांत पहिल्यांदाच, दुपारपर्यंत बोलत होती. विपाशेची गोष्ट मी तिला तेव्हाच सांगितली. ऐकून म्हणाली, नदीला कळलं.

गुडघ्यांचं म्हणाल तर सकाळचं आखडणं तिथं कमी होतं, इथं आल्यावर परत आहे तसं, पण व्यायाम ती आता न सांगता करते. मणिकर्णला एक रात्र राहिलो, मुलीनं तांदळाची पोटली शिजवली, तो भात आईनं डब्यात घेऊन ठेवला आणि संध्याकाळी सगळ्यांना थोडा थोडा वाढला. चांदी आधीच काढून ठेवली होती, फक्त मुलीच्या कानातली रिंग राहिली, ती काळी पडली, सोड्यानं निघाली.

आता आई स्वतःच म्हणतेय की डिसेंबरात उन्हवऱ्याला जाऊ, आजीची जागा बघायचीये. खडक_माती, तुम्ही सांगितलेला रस्ता लिहून घेतलाय. फक्त एक, बायकांच्या बाजूला उतरायला कठडा आहे का आणि पायऱ्या किती, हे कुणा ताईंना माहीत असेल तर इथंच लिहा, तोवर खेडची खोली बुक करत नाही.